दुसऱ्याच्या पैशाचे राखणदार

अनेकांचा पैसा थोड्यांच्या हाती जमा झाला म्हणजे त्या थोड्यांवर देखरेख कोणी करावयाची, हा प्रश्न फार जुना आहे. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, असे जे आपल्याकडे म्हणतात त्यात तो पूर्वीच येऊन गेला आहे. अलीकडे गुंतवणूक निधी, त्यांचे विश्वस्त, त्यांची संचालकमंडळे आणि त्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्था यांविषयी बरीच चर्चा होते, व ती वाचणाऱ्यास असे वाटू लागते की, हा विषय मुंबईच्या शेअरबाजारात जन्मला आणि तेथेच वाढला. आमचे मत निराळे आहे. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकास नीरेच्या काठी बारामती व इंदापूर हे जे दोन तालुके आहेत, त्यांत या प्रश्नाचा ऊहापोह गेली दीडशे वर्षे चालला आहे. आणि तो ग्रंथांत नव्हे, तर पेठेत, पाटाच्या कडेला व कारखान्याच्या आवारात. त्या इतिहासाचे धागे क्रमाने उलगडून त्यांतून काय बोध निघतो तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ इंदापुरापासून करणे योग्य होईल. मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी व आकारणी करण्याची जी पद्धती पुढे सर्वत्र लागू झाली, तिचा पहिला टिकाऊ प्रयोग इंदापूर तालुक्यात झाला. प्रिंगलसाहेबांनी केलेली आधीची आकारणी रयतेस पेलेना. तेव्हा गोल्डस्मिड व विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी १८३५ साली काम नव्याने हाती घेतले आणि १८३६ पासून तीस वर्षांच्या मुदतीचे हलके दर बसविले. मुदत सरल्यावर १८६७ च्या सुमारास फेरआकारणी झाली, ती मात्र चढत्या भावांकडे नजर ठेवून. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसास जो भाव आला होता तो युद्धाबरोबर १८६५ मध्येच ओसरू लागला होता. भाव खाली आले, वाढलेला सारा तेवढा कायम राहिला. सारा रोखीने व ठरल्या हप्त्याने भरावयाचा, आणि पीक तर पावसाच्या मर्जीवर. अशा स्थितीत रयतेस सावकाराची ओसरी चुकली नाही. शिवाय जमीन खातेदाराच्या नावे लागली असल्यामुळे ती गहाण पडण्यास व कोर्टाच्या हुकुमाने विकली जाण्यास आता कोणताच अडथळा उरला नव्हता.

याचा परिणाम सुप्यास दिसून आला. हल्ली बारामती तालुक्यात असलेले हे गाव त्या वेळी भीमथडी तालुक्यात मोडत असे, व ती व्यापाराची मोठी पेठ होती. १२ मे १८७५ रोजी, बाजारच्या दिवशी, आसपासच्या गावांतील लोक तेथे जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. हे लोण पुणे व नगर या दोन जिल्ह्यांतील अनेक गावी पसरले. ९५१ माणसे पकडली गेली. या दंग्याचा विशेष असा की, त्यात माणसांवर हात फारसा पडला नाही. लोकांस हवी होती ती कर्जखते, आणि ती हाती आली म्हणजे त्यांची होळी करून जमाव घरी जाई. जेथे सावकाराने खते मुकाट्याने देऊन टाकली तेथे बहुधा दंगाच झाला नाही.

खतांवरच हा रोष का, याचा विचार केला पाहिजे. व्याजाचा दर भारी होता हे खरे. पण रयतेचे खरे दुःख निराळे होते. खत लिहिणारा सावकार, वही ठेवणारा सावकार, फेडीची नोंद करणारा किंवा न करणारा सावकार, आणि दावा लागला म्हणजे पुराव्यादाखल तीच वही कोर्टात नेणारा सावकार! ऋणको निरक्षर, त्याने अंगठा उठविला की त्याचा अधिकार संपला. कोर्टही खताच्या आत डोकावून पाहत नसे. पैसा हाताळणारा व हिशेब तपासणारा हे दोन्ही एकच झाले म्हणजे तो माणूस कितीही सज्जन असला तरी व्यवहार सुरक्षित राहत नाही, हे तत्त्व सुप्याच्या लोकांस शब्दांत मांडता आले नसते. परंतु आग लावताना त्यांनी नेमकी वस्तू निवडली होती.

सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. शेतकऱ्यास कर्जापायी कैदेत टाकण्याची चाल या कायद्याने बंद झाली, ही गोष्ट सर्वांच्या स्मरणात आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची कलमे वेगळीच आहेत. शेतकऱ्याचे खत गावच्या नोंदणी कामगारासमोर लिहिले जावे; दिलेल्या पैशाची पावती मिळावी; मागितल्यास वर्षाच्या वर्षास हिशेबाचा उतारा व खातेपुस्तक मिळावे; आणि न्यायाधीशाने खताच्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहारापर्यंत मागे जावे, अशी योजना त्यात होती. सावकार आणि रयत यांच्यामध्ये हा जो तिसरा माणूस प्रथमच आणून बसविण्यात आला, त्याच्यातच पुढील सर्व लेखापरीक्षक, निबंधक व नियंत्रक यांचे बीज आहे.

मात्र हा कायदा जुना सावकार आवरणारा होता, नवा पैसा आणणारा नव्हता. सावकाराने हात आखडला तर शेतीस भांडवल कोठून यावे? या प्रश्नास उत्तर म्हणून सर विल्यम वेडरबर्न यांनी शेजारच्याच पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुण्यातील विचारी पुढाऱ्यांचा तीस पाठिंबा होता. हिंदुस्थान सरकारने ती उचलूनही धरली. विलायतेतील स्टेट सेक्रेटरीने मात्र ती नामंजूर केली. त्यानंतर वीस वर्षांनी, १९०४ साली, सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, आणि १९१२ साली त्याची व्याप्ती वाढली.

या पहिल्या ग्रामीण सोसायट्यांची एक गोष्ट आज बहुतेक विसरली गेली आहे. ती म्हणजे सभासदांची अमर्याद जबाबदारी. सोसायटी बुडाली तर प्रत्येक सभासदाच्या घरादारापर्यंत तोशीस पोहोचे. आजच्या दृष्टीस हा नियम क्रूर वाटेल. परंतु त्यामागची योजना समजून घेतली पाहिजे. गावातील कोणाचे पीक कसे आहे, कोणी कर्ज घेऊन बैल आणला आणि कोणी लग्न उरकले, हे शेजाऱ्यास जितके ठाऊक असते तितके कोणत्याही अधिकाऱ्यास असत नाही. आपले घर ज्या पंचांच्या निर्णयावर अवलंबून आहे त्या पंचांवर तो शेजारी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवील, असा तो हिशेब होता. त्याच्या जोडीस बाहेरची नजर म्हणून निबंधक व वार्षिक तपासणी. आतून सभासद आणि बाहेरून निबंधक, अशा दोन पहारेकऱ्यांवर ही इमारत उभी करण्यात आली.

नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून वाहू लागले होते, आणि त्या पाण्यावर उसाचा मळा उभा राहिला होता. ऊस हे पैसे खाणारे पीक. बेणे, खत, पाणीपट्टी, गुऱ्हाळाचा खर्च हे सर्व आधी, व गुळाचे पैसे दीड वर्षाने. गावच्या गावात एवढे भांडवल कोठले? १९११ साली सर विठ्ठलदास ठाकरसी व लल्लुभाई सामळदास यांच्या खटपटीने मुंबईस मध्यवर्ती सहकारी बँक निघाली, आणि तिने मुंबईबाहेर ज्या आरंभीच्या शाखा उघडल्या त्यांपैकी एक बारामतीची होती. वैकुंठलाल मेहता यांच्यासारखा निःस्पृह पुरुष या बँकेच्या कारभारास दीर्घकाळ लाभला. शहरातील ठेवीदाराचा पैसा कालव्यावरील उसाच्या मुळाशी येऊन पोहोचला, ही लहान घटना नव्हे. परंतु तिच्याबरोबर एक सूक्ष्म फरकही घडला. जोवर पैसा गावचा होता तोवर शेजाऱ्याची नजर तीक्ष्ण होती. पैसा दुरून येऊ लागताच ‘बँक सरकारची, बुडाली तर सरकारची बुडेल’ अशी भावना बळावली. १९१५ च्या मॅक्लॅगन कमिटीने सभासदांस सहकाराची तत्त्वे न समजता सोसायट्या वाढविण्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला होता. तो इशारा कागदावरच राहिला, हे दुर्दैव होय.

याच खोऱ्यात अनेकांच्या भांडवलाची दुसरीही एक रीत नांदली. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन उसाची विस्तीर्ण शेती केली व साखर कारखाना उभारला. तेच आजचे वालचंदनगर. उजाड माळावर नगर वसविण्याचे हे कर्तृत्व वादातीत आहे. येथे आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे ते त्या काळच्या कंपन्यांच्या घटनेकडे. भागधारक अनेक, संचालकमंडळ नेमलेले, पण कारभाराची किल्ली मॅनेजिंग एजंटांकडे, अशी पद्धती तेव्हा देशभर रूढ होती. एजंटांनीच संचालक निवडावे आणि त्या संचालकांनी एजंटांवर देखरेख करावी, ही विसंगती कायद्याच्याही लक्षात आली. १९३६ च्या दुरुस्तीने एजंटांची मुदत वीस वर्षांवर आणली आणि एकतृतीयांशाहून अधिक संचालक त्यांनी नेमू नयेत असे ठरविले. अमेरिकेत १९२९ च्या पडझडीत गुंतवणूक कंपन्यांनी लोकांचे पैसे घालविल्यावर १९४० साली जो कायदा झाला, त्यातही हेच सूत्र आहे: निधीच्या मंडळावर निदान शेकडा चाळीस माणसे चालकांशी हितसंबंध नसलेली असावीत. दोन दूरच्या देशांनी चारच वर्षांच्या अंतराने एकाच रोगावर एकच औषध शोधावे, यावरून रोग किती सार्वत्रिक होता ते दिसून येते. आपल्याकडील मॅनेजिंग एजन्सीची पद्धती अखेर एप्रिल १९७० मध्ये कायद्याने बंद झाली.

स्वातंत्र्यानंतर नीराकाठच्या शेतकऱ्याने तिसरा मार्ग धरला. प्रवरानगरच्या कारखान्याने १९५० साली वाट दाखविली आणि पाठोपाठ माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ज्याच्या आजोबाने सुप्याच्या बाजारात खत जळताना पाहिले असेल, तो आता कारखान्याचा भागधारक झाला. दर सभासदास एक मत. ज्याचा ऊस अधिक त्याचे मत अधिक असे नाही. या कारखान्यांनी रस्ते, शाळा, महाविद्यालये व उपसा सिंचनाच्या योजना यांस हातभार लावला, हे कोणीही प्रांजळ मनुष्य नाकारणार नाही.

परंतु या संस्थांची आर्थिक घडण बारकाईने पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. भागाची रक्कम हे शेतकऱ्याच्या गुंतवणुकीचे केवळ तोंड. खरी गुंतवणूक त्याच्या उसाच्या बिलातून होत आली. परतीची ठेव, बिनपरतीची ठेव, अमुक निधी, तमुक निधी अशा नावांनी टनामागे काही रक्कम कापली जाते, आणि त्या कपातीतून यंत्रसामग्री वाढते, आसवनी निघते, वीजप्रकल्प उभा राहतो. अर्थात कारखाना हा नुसता कारखाना नसून हजारो लहान गुंतवणूकदारांचा एक निधीच आहे, आणि त्याचे संचालकमंडळ हे त्या निधीचे विश्वस्तमंडळ आहे. फरक इतकाच की, मुंबईतील निधीत पैसे घालणारा मनुष्य स्वखुषीने घालतो आणि मन उठले तर युनिटे विकून मोकळा होतो. ऊस उत्पादकास ही मोकळीक नाही. त्याचा भाग बाजारात विकता येत नाही. त्याची जमीन हलत नाही. आणि तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर उतारा घटत जातो, म्हणून तो फार दूरही नेता येत नाही. ज्यास बाहेर पडता येत नाही त्यास बोलता तरी आले पाहिजे. सभेत बोलण्याचा हक्क हाच त्याचा एकमेव दरवाजा आहे.

१९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने हे तत्त्व मान्य केलेले आहे. कलम ७२ अन्वये अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. कलम ७३ अन्वये कारभार समितीचा. लेखापरीक्षणासाठी कलम ८१, चौकशीसाठी कलम ८३, आणि नुकसान करणाऱ्यांकडून भरपाई वसूल करण्यासाठी कलम ८८. कागदावर यात उणे काढण्यास जागा थोडीच. अडचण अशी की, बाहेरच्या पहारेकऱ्याची, म्हणजे निबंधकाची, नेमणूक राज्य सरकार करते. राज्य सरकार कारखान्याचे भागभांडवल व कर्जाची हमी देते. आणि राज्य सरकारात जाणारी माणसे पुष्कळदा याच संस्थांच्या पायऱ्या चढून गेलेली असतात. ज्यांच्यावर नजर ठेवावयाची त्यांनीच नजर ठेवणारा नेमावा, हे सुप्याच्या वहीचेच नवे रूप नव्हे काय? आमचा हा आक्षेप कोणा व्यक्तीवर नसून रचनेवर आहे. उत्तम माणसेही सदोष रचनेत सदोष वागू लागतात. आणि उलटपक्षी, विरोधी गटाच्या मंडळास बरखास्तीचा धाक दाखविण्यासाठी हीच कलमे वापरली गेल्याची ओरडही महाराष्ट्रात वेळोवेळी झालेली आहे.

या दुहेरी दोषावर दोन उपाय झाले. पहिला रिझर्व्ह बँकेचा. सहकारी बँकांवर १ मार्च १९६६ पासून तिचे नियंत्रण अंशतः आले. बारामतीस शाखा उघडणारी ती मुंबईची बँक, जी पुढे महाराष्ट्र राज्य सहकारी बँक झाली, तिचेच संचालकमंडळ मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून बरखास्त होऊन प्रशासक आले. प्रशासकांची कारकीर्द दहा वर्षांहून अधिक लांबली, आणि तीत बँक पुन्हा नफ्यात आली. यावरून कोणी म्हणेल की, निवडलेली मंडळे नकोतच, नेमलेले जाणते अधिकारीच बरे. हे अनुमान आम्हांस घातक वाटते. आजारी माणसास दवाखान्यात ठेवून बरे केले, म्हणून निरोगी माणसाने जन्मभर तेथेच राहावे असे होत नाही.

दुसरा उपाय राज्यघटनेच्या ९७ व्या दुरुस्तीचा. ती फेब्रुवारी २०१२ मध्ये अमलात आली. संचालक २१ पेक्षा अधिक नसावेत, मुदत पाच वर्षांची असावी, निवडणूक वेळेवर व्हावी, वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत लेखापरीक्षण व सभा व्हावी, आणि मंडळ वर्षानुवर्षे बरखास्त ठेवता येऊ नये, अशी कलमे तिच्यात होती. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपला कायदा तिला अनुसरून बदलला व निवडणुकांसाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केले. पुढे २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, राज्यांची संमती घेतली नव्हती या कारणास्तव, राज्यांतील संस्थांपुरता त्या दुरुस्तीचा सहकारविषयक भाग रद्द ठरविला. चांगला नियमही योग्य वाटेने आला पाहिजे, हाच त्या निर्णयाचा आशय. आणि तो सहकाराच्या तत्त्वाशी सुसंगतच आहे.

शहरातील निधींची कथा याहून फार उजळ आहे असेही नव्हे. १९६३ च्या कायद्याने निघालेल्या युनिट ट्रस्टवर मध्यमवर्गाचा विश्वास सरकारी बँकेइतका होता. जुलै २००१ मध्ये त्याच्या ‘युनिट ६४’ योजनेची परत-खरेदी थांबली तेव्हा तो विश्वास कोसळला, आणि २००३ साली ट्रस्टचे दोन तुकडे झाले. सेबीच्या १९९६ च्या नियमांत विश्वस्तांपैकी दोनतृतीयांश स्वतंत्र असावेत ही अट पुढे घालण्यात आली. ही स्वतंत्रतेची अट कारखान्यांसही हितावह होईल असे आम्हांस वाटते. परंतु ती पुरेशी नाही. ज्यास ऊस व गाळप ठाऊक नाही असा स्वतंत्र माणूस केवळ मान डोलावील. ज्यास सर्व ठाऊक आहे तो बहुधा स्वतंत्र नसेल. दोघांसही बोलते ठेवील असा तिसरा पाहिजे, आणि तो म्हणजे सभासद.

सर्वसाधारण सभेचे एक दृश्य या प्रांतात कोणी पाहिले नाही असे होणार नाही. मंडपात हजारोंचा समुदाय. व्यासपीठावरून विषय क्रमांक एक वाचला जातो. वाचन संपण्याच्या आत पुढल्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो. आणि तासाभरात कोट्यवधींचा ताळेबंद संमत होतो. मागे उभा असलेला एखादा सभासद हात वर करतो, तोवर आभारप्रदर्शन सुरू झालेले असते. निबंधक, रिझर्व्ह बँक, न्यायालये व घटना या सर्वांनी दीडशे वर्षांत घडविलेली तटबंदी त्या एका शब्दापुढे निरुपयोगी ठरते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. अहवाल सभेपूर्वी पुरेसे दिवस आधी घरोघर पोहोचावा. लेखापरीक्षकाचे आक्षेप व त्यांवरील उत्तरे त्यात सुबोध मराठीत छापलेली असावीत. टनामागे कापलेल्या प्रत्येक रुपयाचे काय झाले ते सभासदाच्या खातेपुस्तकात दिसावे. आणि प्रश्न विचारणाऱ्यास शत्रू न मानता तो या संस्थेचा पहारेकरी आहे असे मानण्याची सवय लागावी. यांतील निम्म्या गोष्टींस नव्या कायद्याची गरज नाही. १८७९ च्या कायद्याने निरक्षर ऋणकोस जो पावतीचा व हिशेबाच्या उताऱ्याचा हक्क दिला, त्याहून कमी हक्क आजच्या साक्षर भागधारकाने का पत्करावा? सुप्याच्या लोकांनी कागद जाळला, कारण तो वाचण्याची त्यांस सोय नव्हती. त्यांच्या पणतवंडांस ती सोय आहे. कागद हाती आल्यावर त्यांनी तो शेवटच्या पानापर्यंत वाचावा, आणि मगच ‘मंजूर’ म्हणावे किंवा म्हणू नये.